एकोणीस इंच

आमचे शेजारी भास्करनाना अलीकडे कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी खुर्ची मोजतात. खिशातून स्टीलची टेप काढायची, सर्रकन जमिनीपर्यंत सोडायची आणि "सोळा" असं पुटपुटायचं. माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात तर त्यांनी नवरदेवाची खुर्ची मोजली, आणि तीही नवरदेव तिच्यात बसलेला असताना! मुलीकडच्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीतच असेल. त्यांनी आदबीनं नवरीचीही खुर्ची पुढे केली. नानांनी तीही मोजली.

"नाना, हे काय चाललंय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"अक्का, प्रश्न इंचाचा आहे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मनमाडला रेल्वेत जन्मभर फिटर होते ना! भाजी शिजली नाही, पाहुणा चुकला, जावई रुसला, तरी प्रश्न इंचाचाच.

रिटायर होऊन नाशकात आमच्या कॉलनीत आले, ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक गंजकं धूड घालून. दोनच सीटांची जुनी विलायती मोटार. देवळ्याकडे कुणाच्या तरी कांद्याच्या चाळीत पडून होती, कोंबड्या आत अंडी घालायच्या. नऊ वर्षं नाना तिच्याखाली आडवे होते. अख्खे नाना आम्हाला सणावारालाच दिसत, एरवी नुसते पाय. टपाचं कापड माझ्या शिलाई मशीनवर शिवलं, चार सुया मोडल्या. त्यांची बायको सुमन म्हणायची, "अक्का, कोंबड्या होत्या तेव्हा निदान अंडी तरी मिळत होती."

पण नाना तिला सांगायचे, "थांब गं. दुसरी सीट तुझी."

गेल्या दसऱ्याला गाडी तयार झाली. आणि काय सांगू, बाटलीसारखी हिरवीगार, आरशासारखी लख्ख! झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सुमन पैठणी नेसून शेजारी बसली. गाडी इतकी बुटकी, की बसली आणि दिसेनाशीच झाली. नुसता गजरा वर. दोघं सोमेश्वरापर्यंत जाऊन आली.

परत आल्यावर सुमन उतरेना. म्हणजे उतरताच येईना! गुडघे आधीच दुखरे, त्यात पंगतीला बसल्यासारखी ती सीट. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला समोरची कुलकर्णीण. कुणीतरी मागून "गणपतीबाप्पा" ओरडलं, "मोरया" म्हणून आम्ही हिसका दिला तेव्हा कुठे बाई बाहेर आली. अख्खी कॉलनी हसली. मीही हसले. सुमन तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

नाना तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीवर पाटी लागली: 'विकणे आहे'.

गिऱ्हाइकं यायला लागली, आणि कशी कोण जाणे, पोहे करायचं काम माझ्याकडे आलं. नाना खाली बसवून प्रत्येकाला एकच विचारायचे, "शेजारी कोण बसणार?"

मंगल कार्यालयाचा मालक म्हणाला, "बसणार कोणी नाही, नाना. दारात उभी करू, जोडप्यांचे फोटो काढू."

"पोहे घ्या," नाना म्हणाले, "आणि निघा."

द्राक्षमळ्यांकडे हॉटेल काढलेला एक जण बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावणार होता. त्याच्या हातातली बशी नानांनी अर्ध्यातच काढून घेतली. एक तरतरीत पोरगा म्हणाला, "अंकल, मी सोलो फिरतो."

"मग सायकल घे."

शेवटी मीच भांडले. "नाना, विकायची नसेल तर पाटी काढा. माझा पोह्यांचा डबा रिकामा झाला."

"विकायचीच आहे, अक्का. घाईसुद्धा आहे. पण त्या सीटवर कोणीतरी बसलं पाहिजे."

मग आला देवळ्याचा एक कांद्यावाला, पांढरी टोपी, सोबत बायको. नानांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो तोंड उघडतो न उघडतो, तोच बाईनं दार उघडलं आणि पदर सावरून आत बसलीसुद्धा. "बसा ना हो! उभं ऱ्हाऊन काय बघून ऱ्हायले?"

तो हसला. "ईचारता काय नाना? पंचवीस वर्सं मोटारसायकलवर माझ्या पाठीमागं बसली. आता म्हनती, शेजारी बसायचं हाय."

नाना बाईंपाशी गेले. "ताई, जरा उतरून दाखवता?"

बाई टुणकन उतरली. गाडी गेली. त्या दिवशी पोहे नानांनी स्वतः वाढले.

आम्हाला वाटलं, आता नाना अंथरूण धरणार. आठ दिवसांत ते एक जुनी, उंच, चौकोनी व्हॅन घेऊन हजर! रंग वरणाचा. मला राहवेना. "अहो नाना, त्या रूपवतीच्या जागी हे दुधाच्या गाडीसारखं काय आणलंत?"

नानांनी टेप काढली, सीटपासून जमिनीपर्यंत सोडली. "एकोणीस."

"म्हणजे?"

ते जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "दसऱ्यापासून बघतोय, अक्का. जाईन तिथं. सुमन सोळाच्या खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणते. अठराला नुसता ओठ चावते, आम्हाला कळू देत नाही. एकोणीसला काहीच म्हणत नाही."

तेवढ्यात सुमन बाहेर आली. चपला घालून, पिशवी घेऊन, जशी काही बाजाराला निघालीय. नानांनी दार उघडून धरलं. ती बसली. मी सवयीनं हात पुढे केला, तो तिनं बाजूला केला आणि आपली आपण उतरली. मग पुन्हा बसली.

काहीच म्हणाली नाही.