कुलूपवाल्यांची साखर

लागोपाठ तिसऱ्यांदा साखर वाढलेली निघाली, तेव्हा कुलूपवाल्यांच्या बायकोने रिपोर्ट टेबलावर आपटला, घरातलं होतं नव्हतं ते गोड एका कपाटात कोंबलं आणि त्याला कुलूप ठोकलं.

"आता बघतेच कुठून खाताय ते!"

"अगं, खातच नाही मी! चार महिने चहासुद्धा बिनसाखरेचा. गोळ्या वेळेवर. रोज तासभर चालतो."

"मग साखर काय हवेतून येते?"

त्यात धंदा आडवा आला. किल्ली हरवलेल्यांची दारं पाच मिनिटांत उघडून देणारा माणूस अशी त्यांची ख्याती. मुलीला हसू आवरेना. "आई, कुलूप बाबांच्याच दुकानातलं ना? म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

मग बायकोने कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. पट्टी शाबूत राहिली आणि साखर आणखी चढली. आता संशय घराबाहेर पडला. बायको बेकरीवाल्याकडे जाऊन थडकली.

"छे हो वहिनी! ते तर गाल झाकून, मान खाली घालून पुढे निघून जातात."

"बघा! मनात पाप असल्याशिवाय का?"

पाप नव्हतं, दाढ होती. उजवीकडची मागची दाढ दोन महिने ठणकत होती. गार वारा लागू नये म्हणून ते गाल कॉलरमध्ये लपवत आणि घास डावीकडेच चावत. पण बोलायची सोय नव्हती. कुणाचंही दार उघडणारा हा गृहस्थ दातांच्या डॉक्टरांच्या दाराला मात्र टरकून होता.

शेवटी आरोपीला घेऊन मायलेकी साखरेवर औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर हजर झाल्या.

"काका, खरं सांगा. थोडंसं काही गोड?"

कुलूपवाल्यांचा संयम सुटला. "नाही! नाही! नाहीऽऽ!"

तिसऱ्या 'नाही'ला जबडा असा काही उघडला की डॉक्टरीणबाई बॅटरी घेऊन पुढे झुकल्या. "थांबा. मिटू नका. अरे देवा, हे कधीपासून?"

त्याच दुपारी कुलूपवाले दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत होते. दाढ आतून पार पोखरलेली, मुळाशी पू.

"रक्तात साखर जास्त असली की दात, हिरड्या लवकर बिघडतात," डॉक्टर म्हणाले. "आणि असा पू साठला की शरीर त्याच्याशी झुंजतं, त्या झुंजीत साखर चढते. ही त्याला पोसते, तो हिला."

ताटलीत दाढ पडली होती, शेंगदाण्याएवढी. कुलूपवाले बघतच राहिले. केसाएवढी पिन अडकली की आख्खं दार अडून बसतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पण जबड्याच्या कोपऱ्यातून निघालेली वाट रक्तापर्यंत जाते, आपण झोपलेले असतानाही आत कुणीतरी आपल्यासाठी लढत असतं, हे पंचावन्न वर्षं त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. भूल उतरत होती म्हणूनही असेल.

बायकोने ताटलीकडे वाकून पाहिलं. "एवढीशी," ती पुटपुटली, "आणि हिने सगळं अंग हलवलं?"

तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट घेऊन सगळे पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे आले. साखर चांगलीच उतरली होती. "सगळं श्रेय दाढेला देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं. "गोळ्या आणि चालणं सुरूच ठेवायचं."

बायकोने कागद दोनदा वाचला. "चुकलंच माझं," ती म्हणाली. मुलगी दचकली. हे वाक्य तिने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

"आलाच आहात तर तुमचेही दात बघू, काकू," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी ओठ गच्च मिटले आणि जोरजोरात मान हलवली.

"दुखत नाही गं," कुलूपवाले हळूच म्हणाले. "मी आहे ना इथे."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. मग तोंडावर दुसरा हात ठेवून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "डावीकडची. दोन वर्षं झाली."