बापूंची फिल्म वाळत असली की

आमच्या घरात फिल्म वाळत असली की सासूबाईंना तपकीर ओढायला गोठ्यात जावं लागे. शिंकेनं धूळ उडते आणि फिल्मला चिकटते, असं बापूंचं म्हणणं.

बापू म्हणजे माझे थोरले दीर. गोरेगाव या आमच्या खेड्यात पहिला कॅमेरा त्यांचाच, हैदराबादेहून आणलेला काळा डबा. फिल्म ते घरीच धूत आणि माजघरात दोरीला टांगत. ती सरळ राहावी म्हणून खालच्या टोकाला माझा चिमटा अडकवत. त्या दिवशी मी भाकरी बोटांनी उलटायची. वर झाडू नाही, गोधडी झटकणं नाही, मिरच्या भाजणं नाही. "सबुरीनं वाळू द्या," हे त्यांचं पालुपद.

रीतीप्रमाणे मी त्यांच्यासमोर बोलत नसे आणि तेही मला थेट काही सांगत नसत. ते खांबाला सांगत, "खांबा, चूल जरा धीमी कर. धूर येऊन राहिला." मी चूल धीमी करी. एकदा पाहुण्यांनी हे ऐकलं आणि सासूबाईंना हळूच विचारलं, "कधीपासून हाय हे?"

एका उन्हाळ्यात माझी माय डोंगरकड्याहून आली. बापूंनी तिचा फोटो काढला. माय श्वास रोखून अशी बसली की फोटो झाल्यावर तिला हलवून सांगावं लागलं. फिल्म धुतली, वाळली, पण छापायचा कागद संपलेला. उंदरांनी कुरतडू नये म्हणून बापूंनी ती डब्यात घालून चुलीवरच्या फळीवर ठेवली. घरभर सबुरी शिकवणाऱ्या माणसानं फिल्म रोज भाजायला ठेवली होती.

पोळ्याच्या आधी माय वारली. तिचा दुसरा फोटो नव्हता. बापूंनी डबा उघडला, तर फिल्म कुरडईसारखी वळलेली. उलगडायला गेलं की कडकड वाजे. मी दाराआड उभी होते. बापू माझ्याकडे न बघता खांबाला म्हणाले, "रडू नको म्हणावं. करतो मी बराबर."

त्यांनी रांजणातलं गार पाणी परातीत घेतलं, फिल्म त्यात सोडली आणि समोर उकिडवे बसले. मऊ झाल्यावर दोरीला टांगली. वाळली तरी कडा वर आल्याच. मग देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या तसबिरीची काच निघाली. पाटावर कागद, त्यावर फिल्म, वर काच आणि काचेवर ज्वारी भरलेली पायली.

"देवाला उघडं केलंस रे," सासूबाई म्हणाल्या.

"त्याला काय सर्दी होऊन राहिली का?" बापू म्हणाले, आणि त्यांना तपकिरीसकट गोठ्यात धाडलं.

वाशिमहून कागद आला तोवर फिल्म सपाट झाली होती. फोटो छापून बापूंनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकले. खांद्यावरून एक भेग गेली होती, पण मायचा चेहरा अख्खा होता. कपाळावरचं गोंदणही दिसत होतं.

मी फोटो पदरात घेतला. बापू तिथंच उभे होते. त्यांची बायको, माझी जाऊ, मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेली. कॅमेरा त्यांनी ती गेल्यावर घेतला, म्हणून तिचा एकही फोटो नव्हता.

"माय," ते सासूबाईंना म्हणाले, "तिचं गोंदण कपाळाच्या मधात होतं का बाजूला? मला आता आठवून न्हाई राहिलं."

प्रत्येक गोष्टीत त्यांच्याशी भांडणाऱ्या सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मधात, बाबा."

"पक्कं मधात?"

"व्हय. पक्कं."