दोन्ही कागद सारखेच

"शनिवारच्या सभेला मीही येणार आहे," घड्याळजींनी चहाचा कप खाली ठेवत सांगितलं, आणि बाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातातला कप बशीवर किणकिणला.

"तुम्ही कशाला? कंटाळाल. नुसती चर्चा असते. शिवाय तुमचा गुडघा."

"गुडघ्याला मत द्यायचं नाहीये. मत मी देणार आहे. मीही ब्रेल वाचतो म्हटलं."

खरं तर गावातल्या अंध वाचकांमध्ये या सभेशिवाय दुसरा विषयच नव्हता. ब्रेलमध्ये काही नेहमीच्या शब्दांसाठी एकेकच खूण असते. 'आणि' पूर्ण लिहायचं नाही, एक खूण उमटवली की झालं. 'कारण'साठी एकटा 'क', 'परंतु'साठी एकटा 'प'. त्यांना म्हणायचं संक्षेप. नवीन शिकणाऱ्यांना ते जड जातात, म्हणून आता पुस्तकांतून ते काढूनच टाकावेत, सगळे शब्द अक्षर अन् अक्षर लिहावेत, असा ब्रेल पुस्तकांचं धोरण ठरवणाऱ्या समितीचा प्रस्ताव होता. त्यावर वाचकांची मतं घ्यायला समिती ग्रंथालयात येणार होती.

बाई या प्रस्तावाच्या कट्टर विरोधात होत्या. जन्मापासून अंध, हयात ब्रेल छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. संक्षेप त्यांच्या बोटांत इतके मुरले होते की त्यांच्याशिवाय वाचणं म्हणजे भातातले खडे वेचत जेवणं, असं त्या सगळ्यांना ऐकवत. विरोधकांचे पुढारी होते टेलिफोनकाका. दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज अजून लांब पल्ल्याचा. "बाई, शेवटचं भाषण तुमचं," त्यांनी बजावून ठेवलं होतं. "तुम्ही बोललात की समितीची बोलती बंद."

तेव्हा नवऱ्याने सभेला यावं, बायकोच्या बाजूने दोन शब्द बोलावेत, यात घाबरण्यासारखं वरवर काहीच नव्हतं. पण घड्याळजींना संक्षेप येत नव्हते. आणि येत नाहीत, हेच त्यांना माहीत नव्हतं. सगळे बोलतात ते संक्षेप आपण रोज वाचतोच, असं ते धरून चालले होते.

झालं होतं असं. घड्याळजींची दृष्टी गेली ती चांगली पन्नाशीच्या उंबरठ्यावर. घड्याळं दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलेलं, आणि एकाएकी समोर नुसता धुरळा. दुकान बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या बहिणीने ओढून त्यांना, बाई छापखान्याचं काम सांभाळून घेत त्या ब्रेलच्या वर्गात आणून बसवलं. पहिले कित्येक दिवस बोट ठिपक्यांवर ठेवायचे आणि उचलून घ्यायचे. "हे माझ्याच्यानं होणार नाही," एवढंच बोलायचे. मग हळूहळू एकेक अक्षर लागू लागलं. ज्या दिवशी त्यांनी अख्खं वाक्य कुणाच्या मदतीशिवाय वाचलं, त्या दिवशी त्यांचा आवाजच पालटला. "बाई, झालं? एवढंच असतं? शिकलो मी?"

अजून निम्मं राहिलंय, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण तो आवाज ऐकून त्यांना ते बोलवेना. "झालं," त्या म्हणाल्या. "शिकलात तुम्ही."

पुढे दोघांचं लग्न झालं, तरी घड्याळजींच्या तोंडी 'बाई' तेच राहिलं. आणि बाई रोज दुपारी ब्रेलच्या टाइपरायटरवर बसून पुस्तकं उतरवून काढू लागल्या, एकही संक्षेप न वापरता. विचारलं तर म्हणायच्या, छापखान्याचं काम आहे. ती पुस्तकं घड्याळजी मिटक्या मारत वाचायचे. रहस्यकथा त्यांच्या विशेष आवडीच्या. "तुमच्या छापखान्याला काटकसर ठाऊक नाही," एवढीच तक्रार असायची. "खून पहिल्या खंडात होतो आणि खुनी सापडेपर्यंत माझ्या मांडीला मुंग्या येतात."

आता सभेत प्रत्येक वाचकाच्या हातात दोन कागद पडणार होते. मजकूर एकच, एका कागदावर चालू पद्धतीने संक्षेपांसह, दुसऱ्यावर नव्या पद्धतीने. चालू पद्धतीचा कागद ओळखू यावा म्हणून त्याचा कोपरा कापलेला. म्हणजे घड्याळजी कोपरा कापलेल्या कागदावर बोट ठेवणार आणि भरसभेत सगळं उघडं पडणार.

शुक्रवारी संध्याकाळी बाई ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपाल तरुण मुलगी होती, डोळस, स्वभावाने गोड आणि बाईंच्या शब्दाबाहेर नसलेली.

"आमच्या यांना दोन्ही कागद नव्या पद्धतीचेच दे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि एकाचा कोपरा काप."

"पण का बाई?"

"घरातली गोष्ट आहे."

कात्री कागदावरून फिरल्याचा आवाज ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला. घड्याळजी दोन्ही कागद वाचतील, बायकोची बाजू उचलून धरतील आणि घरी येतील. साप मरेल, काठीही शाबूत राहील, असा त्यांचा हिशेब होता. नवऱ्याचा स्वभाव मात्र त्यांनी हिशेबात धरला नव्हता.

शनिवारी वाचनकक्ष भरून गेला. पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, त्यातली एखादी दर थोड्या वेळाने घसरून खाली पडे. समितीचे अध्यक्ष शांत, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. कागद वाटले गेले आणि खोलीत बोटं कागदावरून सरकण्याची खसखस सुरू झाली.

मतं यायला लागली. एका शिक्षिकेने सांगितलं की तिची मुलं संक्षेपांना घाबरून ब्रेलच सोडतात. एक गृहस्थ म्हणाले, आत्ताच एक कादंबरी न्यायला हातगाडी लागते. सगळे शब्द पूर्ण लिहिले तर घर कादंबरीला द्यावं लागेल आणि आपल्याला व्हरांड्यात झोपावं लागेल. टेलिफोनकाकांनी तर समितीला विचारलं, "उद्या बोलताना श्वास घेऊ नका म्हणाल. तोही नवशिक्यांना जड जातो का?"

एवढ्यात घड्याळजी बाईंच्या कानाशी आले. "बाई, हे दोन्ही कागद सारखेच आहेत गं."

"सारखे नाहीत. फरक बारीक आहे."

"बारीक म्हणजे किती? केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळल्यात मी. मला फरक कळणार नाही?"

"गप्प बसा हो. लोक ऐकताहेत."

घड्याळजी गप्प बसले. बाजूलाच असल्यामुळे त्यांची चुळबूळ बाईंना कळत होती. ते पुन्हा पहिला कागद चाचपत होते, पुन्हा दुसरा. शेवटी एक लांब श्वास घेतला आणि खुर्ची मागे सरकली. बाईंनी सदरा धरून ओढायचा प्रयत्न केला, पण हाताला फक्त खुर्चीची पाठ लागली.

"मी घड्याळं दुरुस्त करायचो," घड्याळजी म्हणाले. "खरं म्हणजे मी माझ्या बायकोच्या बाजूनं बोलायला आलो होतो. तिनंच मला वाचायला शिकवलं. पण बिघाड नसताना बिघाड सांगणं मला कधी जमलं नाही. मी दोन्ही कागद वाचले. सारख्याच वेगानं वाचले. कोपरा कापलेला असो की नसो, मला तर काहीच फरक लागला नाही. जी दुरुस्ती बोटाला कळतसुद्धा नाही, तिच्यासाठी एवढं भांडायचं कशाला? करून टाका."

खोलीत कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांचा आवाज खुलला. "पुन्हा सांगाल का? आपल्याला दोन्ही पद्धती सारख्याच सोप्या वाटल्या?"

"सारख्याच कसल्या, एकच वाटल्या."

"हे टिपून घ्या," अध्यक्ष कुणाला तरी म्हणाले.

टेलिफोनकाकांना ते सोसलं नाही. बाईंच्या घरातूनच असा घाव बसावा, हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं. ते काठी टेकत आले. "द्या बघू इकडे ते कागद." त्यांची सराईत बोटं दोन ओळींवरून फिरली. "अहो, हे दोन्ही नव्या पद्धतीचेच आहेत. हा कोपरा कुणी कापला?"

"ते... मी..." ग्रंथपाल रडवेल्या आवाजात पुटपुटली. बाईंना स्वतःच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या जाणवल्या.

"चुकून झालं असेल," काका म्हणाले. "हा माझा कागद घ्या, खरा जुना. आणि वाचून दाखवा सगळ्यांना. म्हणजे फरक कळेल."

घड्याळजींनी बोट ठेवलं. बोट थोडं पुढे गेलं, थांबलं, मागे आलं. पुन्हा पुढे गेलं. "बागेतल्या... बाकावर... एक म्हातारा..." मग नुसतं 'क'. मग एक 'प' आणि पुढे मोकळी जागा. ते तीनदा त्याच जागेवरून गेले. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. डोळ्यांचा उपयोग नसला तरी अशा वेळी ते मिटावेसे वाटतात.

"या कागदात अक्षरं गळली आहेत," अखेर घड्याळजींनी निदान केलं. "छपाईच्या यंत्राचा दात झिजलेला असणार. तपासून घ्या."

मागे कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं. टेलिफोनकाकांचा आवाज एकदम खाली आला. इतका हळू बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. "यंत्र ठीक आहे. हेच ते संक्षेप. बाईंनी तुम्हाला शिकवले असतील की."

घड्याळजींचं बोट कागदावरच होतं, पण आता सरकत नव्हतं.

बाई उठल्या. भाषणाचे मुद्दे पाठ होते, त्यातला एकही आठवेना.

"मी नाही शिकवले," त्या म्हणाल्या. "अक्षरं आली तेव्हा ते फार खूश झाले होते. मी म्हटलं, एवढी खुशी राहू दे. मग त्यांची सगळी पुस्तकं मीच लिहीत गेले, पूर्ण शब्दांत. आजचा कोपराही मीच कापायला लावला. त्या मुलीला बोलू नका." त्यांनी बोटं एकमेकांत चोळली. "गेले काही महिने माझी बोटं आखडतात. मी लिहायची थांबले तर हे काय वाचणार, हा विचार मी रोज मागे ढकलत होते. ग्रंथालयातलं एकही पुस्तक यांच्यासाठी नाही."

"मग बाई," अध्यक्षांनी जपून विचारलं, "आपलं मत काय धरायचं?"

"दुरुस्तीच्या बाजूनं धरा."

टेलिफोनकाका जवळच्या खुर्चीत मटकन बसले.

घरी जाताना घड्याळजींनी बाईंचा कोपर धरला नाही. नेहमी धरायचे. काठी आपटत पुढे चालत राहिले, एका खांबाला धडकले आणि खांबाची माफी मागितली, तरी थांबले नाहीत. बस थांब्यावर पोहोचल्यावर मात्र थांबणं भाग होतं.

"सगळ्यांसमोर यंत्राला नावं ठेवली मी," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटत होतं मी वाचायला शिकलो."

"शिकलातच की. मी जेवढं लिहिलं त्याच्यापेक्षा तुम्ही वाचलंय जास्त. एकेक पुस्तक दोन-दोनदा."

बस आली आणि गेली. दोघांपैकी कुणीच हात केला नाही.

"किती असतात हे?" घड्याळजींनी विचारलं.

"काय?"

"संक्षेप."

"बरेच असतात. आता काय करायचेत? ते निघणारच आहेत."

"निघायचे तेव्हा निघतील. अर्धवट उघडलेलं घड्याळ मी कधी गिऱ्हाइकाला परत दिलेलं नाही. उद्यापासून शिकव." आणि त्यांचा हात चाचपडत येऊन बाईंच्या कोपरावर विसावला. "त्या कोपरा कापणाऱ्या मुलीला मात्र उद्या जाऊन सांग, की मी रागावलेलो नाही. बिचारी रडवेली झाली होती."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वर्ग भरला. यावेळी विद्यार्थी जास्त हट्टी होता आणि शिक्षिका जास्त कडक. भांडणं व्हायची. "हाच 'क' एकटा असला की 'कारण' आणि घोळक्यात असला की नुसता 'क', हा काय न्याय?" असं ते विचारायचे. पण हळूहळू बोट सैलावलं. ग्रंथालयातून त्यांनी स्वतः निवडून पहिली रहस्यकथा आणली, आणि तिचा खुनी बाईंच्या आधी ओळखला.

नेमका त्याच आठवड्यात समितीचा निर्णय आला. संक्षेप रद्द.

"रद्द म्हणजे?" घड्याळजी उसळले. "मी एवढा घाम गाळून शिकलो ते काय रद्द व्हायला? समितीतल्या एकाला तरी वाचता येतात का ते?"

"तुम्हीच म्हणाला होतात, करून टाका."

"तेव्हा मी अडाणी होतो."

टेलिफोनकाकांनी 'संक्षेप बचाव मंडळ' काढलं आणि घड्याळजी त्याचे सचिव झाले. समितीला ते दर आठवड्याला निषेधाचं पत्र पाठवत, इतक्या आवळून बांधलेल्या संक्षेपांत, की समितीला ते वाचायला माणूस शोधावा लागे. असा माणूस एकच होता. अध्यक्ष बाईंना फोन करत, आणि बाई घरात ठेवलेल्या प्रतीवरून नवऱ्याची खरमरीत पत्रं शांतपणे वाचून दाखवत. घरात मात्र त्या अजूनही पूर्ण शब्दांतच लिहीत. आता सवय झाली, म्हणत.

मग एका सकाळी बाईंना चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी सापडली. जाड कागदाचा तुकडा आणि त्याच्यावर एकच खूण: 'ब'. एकटा 'ब' म्हणजे 'बाजार', हे त्यांना शाळेपासून पाठ होतं. घड्याळजी अंघोळीला गेले होते. काय आणायचं ते लिहिलेलं नव्हतं. संक्षेपाचं वेड डोक्यात गेलंय, असं पुटपुटत बाईंनी पिशवी उचलली. नेमकं काय संपलंय ते ठाऊक नसल्यामुळे त्यांनी दूध घेतलं, साखर घेतली, कांदे घेतले, साबण घेतला, आणि धापा टाकत परत आल्या.

"कुठे गेली होतीस?" घड्याळजींनी दारातच विचारलं. "मी घरभर हाका मारतोय."

"बाजारात. तुम्हीच लिहिलं होतंत ना."

"मी कुठे बाजार लिहिलं?"

"एकटा 'ब' म्हणजे बाजार. पहिल्याच धड्यात शिकवलंय मी."

घड्याळजी थोडे घुटमळले. "तो तुमच्या पुस्तकातला. हा माझा आहे."

"तुमचा? म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"बाई."

"हां, सांगा. काय?"

"अगं, हाक नाही मारत. अर्थच तो आहे. 'ब' म्हणजे बाई."

बाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. "बरं. आणि पुढचा मजकूर?"

"पुढे काही नव्हतं," घड्याळजी म्हणाले, आणि खाली वाकून पिशवीतले कांदे चाचपायला लागले. "सहज लिहिलं होतं."