तुळसा अस्वलीण प्राणी कशी झाली

एका जंगलात, नदीच्या अलीकडच्या तीरावर, मोहाचे एक जुने झाड होते. आणि बालमित्रहो, त्या जंगलावर राज्य मात्र पलीकडच्या तीराचे होते. तिकडे एक सिंहीण राहत असे. तिला अलीकडे कोणीच पाहिलेले नव्हते. तरी तिचे नाव निघाले की सगळे नर माना लववीत. मान वर झाली की म्हणत, "बायकांच्या जातीला कारभारातलं काय कळतं!"

चैत्रात मोहाची फुले टपटप गळत. माद्या पहाटे उठून ती वेचीत व वाळवीत. श्रावणात रानात हिरवे पुष्कळ असते, परंतु पोटात टिकेल असे थोडे असते. तेव्हा ही वाळलेली फुले कामी येत.

निदान यावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नर ती उचलून एका पोकळ खोडाच्या ढोलीत आंबत घालीत आणि संध्याकाळी ढोलीभोवती बसत. त्यानंतर काय होई ते तुम्हांला मोठेपणी कळेल. काहींना घरीच कळले असेल.

तुळसा अस्वलिणीला ते चांगलेच कळले होते. तिचा नवरा बुधाजी ढोलीपाशी सर्वांत आधी येई आणि सर्वांत शेवटी जाई. गेल्या श्रावणात तिच्या धाकट्या पिल्लाच्या अंगावर नुसते केस उरले होते. यंदाची फुले ढोलीत जाऊ द्यायची नाहीत, एवढेच तिने मनाशी धरले होते.

त्याच सुमारास हुप्पेराव वानर नदीपलीकडून परतले. तिकडे त्यांनी दीड पुस्तक वाचले होते. आल्या आल्या त्यांनी सभा भरवली आणि पहिला ठराव मंजूर करून घेतला : 'प्रत्येक प्राणी जन्मतः स्वतंत्र आहे. प्रत्येक प्राण्यास या सभेत मत देण्याचा हक्क आहे.'

तुळसेने हे ऐकले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिल्लांना घेऊन ती सभेत येऊन उभी राहिली.

"मी मत द्यायला आले," ती म्हणाली. "फुलं ढोलीत जाऊ नयेत, असं माझं मत आहे."

मग बुधाजी गुरगुरला, "अगं ए, घरी चल! चारचौघांत शोभा करतेस?"

"शोभा तुम्ही रोज करता. मी आज पहिल्यांदाच आले."

हुप्पेराव उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. "तुळसाबाई, मी अंतःकरणपूर्वक तुमच्या बाजूचा आहे. परंतु लोकमत अद्याप परिपक्व झालेले नाही."

"कधी होईल?"

"दोन-तीन पिढ्यांत निश्चित."

"आणि माझी पिल्लं या पिढीची आहेत, त्यांचं काय?"

हुप्पेरावांनी दीड पुस्तक आठवून पाहिले. त्यात याचे उत्तर नव्हते. कदाचित उरलेल्या अर्ध्यात असेल.

अखेर घुबडशास्त्री पंख फडफडवून पुढे आले. "यात वाद कसला? 'प्राणी' हा शब्द पुल्लिंगी. 'तो प्राणी' असेच म्हणतात. 'ती प्राणी' असे कोणी म्हटलेले ऐकले आहे? तस्मात् मादी ही प्राणी नव्हे. खटला समाप्त."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात फांदीवरून एक बारीक आवाज आला. "शास्त्रीबुवा, मग माझं कसं? मी चार लेकरांचा बाप, पण सगळं रान मला खारुताई म्हणतं."

"तुम्ही अपवाद. बसा खाली."

"आणि 'ते घुबड'?" तुळसेने विचारले. "ते तर नपुंसकलिंगी ना?"

शास्त्र्यांनी पिसे फुगवली. मग म्हणाले, "ते आदरार्थी आहे."

दुसरा ठराव लिहिला गेला : 'प्राणी या शब्दात माद्यांचा अंतर्भाव होत नाही.' तुळसेने तो दोनदा वाचून घेतला, चिटणिसाकडून त्याची नक्कल मागून घेतली आणि निमूटपणे घरी गेली.

चार दिवसांनी ती हुप्पेरावांच्या झाडाखाली आली.

"मतासाठी नाही आले," ती अदबीने म्हणाली. "पलीकडच्या तीरावर म्हणे मद्यपानबंदीचं फार कौतुक आहे. आपल्या सभेनं तसा ठराव धाडला, तर सिंहीणबाईसाहेब अध्यक्षांना पट्टा देतील, असं ऐकते."

"पट्टा? गळ्यात घालायचा?"

"हो. त्यावर 'रावबहादूर' लिहिलेलं असतं म्हणे. ठरावात तो 'प्राणी' शब्द मात्र असू द्या. भारदस्त वाटतो."

तिसरा ठराव एकमताने मंजूर झाला : 'कोणत्याही प्राण्याने मोहाच्या झाडाच्या शंभर पावलांच्या आत येऊ नये.' ठराव करायला काय जाते, असे सर्वांचेच मत होते. बुधाजीने तर दोन्ही हात वर केले. एका हातात द्रोण होता.

परंतु पलीकडच्या तीराला आपल्या रानाची रीत ठाऊक नव्हती. तिकडे ठराव खरा मानीत. आठवड्याभरात सिंहिणीच्या पंजाचा शिक्का आला, हुप्पेरावांचा पट्टा आला, आणि पाठोपाठ पहाऱ्याला दोन धिप्पाड लांडगे आले.

ऐन चैत्र होता. फुलांचा सडा पडला होता. नर शंभराव्या पावलावर ओळीने उभे राहून वास घेत होते. तेवढ्यात टोपली घेऊन तुळसा पुढे निघाली.

"थांबा बाई," एक लांडगा म्हणाला. "प्राण्यांना मनाई आहे."

"मी प्राणी नाही. दुसरा ठराव वाचा." तिने नक्कल पुढे केली.

लांडग्याने ठराव वाचला, टाचा जुळवल्या आणि वाट सोडली. तिच्यामागून हरिणी, वानरी, साळिंदरिणी, सगळ्या गेल्या. खारुताईही निघाले होते. परंतु ते अपवाद असल्याने, म्हणजेच प्राणी असल्याने, त्यांना परत पाठवण्यात आले.

संध्याकाळी बुधाजी म्हणाला, "बरं झालं बाई, तुला तरी जाता येतं. आण इकडे ती टोपली."

"अहो, ही माझ्या टोपलीतली फुलं. ढोलीत घालायला हवी असतील, तर तुम्ही वेचून आणा. तुम्ही प्राणी आहात."

पंधरा दिवसांत ढोली कोरडी पडली. सभा तातडीने बोलावली गेली. आपल्याला नाहीत तर फुले कोणालाच नकोत, असे नरांचे ठरले. माद्यांना झाडापासून दूर ठेवायचे तर त्यांना ठरावाच्या कक्षेत आणणे भाग होते. म्हणजे त्यांना प्राणी करणे भाग होते. घुबडशास्त्र्यांना रात्रीतून जुने आधार सापडले. चौथा ठराव सर्व नरांनी एकमताने मंजूर केला : 'माद्या याही प्राणीच आहेत, व पूर्वीपासूनच होत्या.' सर्वांत मोठ्याने ओरडला तो बुधाजी.

"आता जा बघू झाडाखाली!" तो म्हणाला.

"कशाला जाऊ?" तुळसा म्हणाली. "कालच शेवटचं फूल पडलं. बिळं, गुहा, सगळं भरलंय." मग ती सभेत पुढच्या ओळीत येऊन बसली. तिच्यामागे रानातल्या झाडून साऱ्या माद्या बसल्या. मोजल्यावर त्या नरांपेक्षा सात अधिक भरल्या. "प्रत्येक प्राण्यास मत आहे ना? मग पाचवा ठराव मी मांडते. तिसरा ठराव रद्द करायचा, आणि त्या ढोलीत यापुढे वाळलेलीच फुलं ठेवायची."

ठराव मंजूर झाला. गळ्यातला पट्टा सावरीत हुप्पेरावांनी 'स्त्रीजातीसाठी मी काय केले' या विषयावर तीन तास भाषण केले.

श्रावण आला. धाकट्या पिल्लाला पोट सुटले होते. बुधाजीने गुहेच्या कोपऱ्यात बसून चार वाळकी फुले तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"गोड असतात की गं ही," तो नवलाने म्हणाला.

तात्पर्य : मुलांनो, व्याकरण लक्षपूर्वक शिका. अन्यायाचा ठराव लिहिताना लिंगविचारात चूक झाली, तर हातून न्याय घडण्याची भीती असते.