छोट्या पोकलेनची ट्रायल

कुंडलिक भोईरने होडी विकली त्या दिवशी त्याची बायको सगुणा त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली.

"होडी इकलीत ती इकलीत," ती म्हणाली, "पन आता ते लोखंड घ्याल ते नीट बघून घ्या. पापलेट घेताना बाया माझी अख्खी पाटी उलटीपालटी करतात. तुमी पैल्याच पाटीशी फतकल मारून बसाल."

ही भीती अगदीच निराधार नव्हती. कुंडलिक ठाण्याजवळच्या कोलशेतचा. खाडीत मासळी मिळेना तेव्हा त्याने जाळी गुंडाळून ठेवली आणि घोडबंदर रोडच्या कामावर दोन वर्षं मोठा पोकलेन चालवला. आता सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याला स्वतःचं पहिलं काम मिळालं होतं: वर्तकनगरच्या दोन इमारतींमधल्या बोळात गटार खोदायचं. बोळ इतका अरुंद, की त्यात मोठं मशीन शिरलं असतं तर एक इमारत पाडावी लागली असती. छोटंच हवं होतं, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं, चेनवालं हवं होतं, जुनं चालणार होतं, आणि दहा दिवसांत हवं होतं. नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं.

सगुणाच्या समाधानासाठी कुंडलिकने आनंद कांबळेला बरोबर घेतलं. आनंद त्याचा शाळेपासूनचा मित्र, एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. घरातला बल्ब बदलायचा तरी तो आधी यादी करी. जुनं मशीन कसं पारखावं याचे त्याने अकरा मुद्दे काढले आणि ते वहीच्या पानावर लिहून खिशात घातले.

रविवारी सकाळी दोघे कल्याणला मारुतीशेठच्या वखारीत पोहोचले. मारुतीशेठ बंदरात उतरलेली जुनी मशीनं विकत असे. तिथे छोटे चेनवाले तीन होते. पहिल्याला इंजिन नव्हतं. दुसऱ्याला इंजिन होतं, पण किंमत ऐकून आनंदने यादी खिशातून काढलीच नाही. तिसरा पिवळा होता, अंगावर जपानी अक्षरं होती, आणि तो परवडत होता.

"या अक्षरांचा अर्थ काय?" आनंदने विचारलं.

"'सावकाश चालवा' असं असणार," मारुतीशेठ म्हणाला. "जपानी लोक फार शिस्तीचे. एकाच हाताचं मशीन आहे, कांबळेसाहेब. म्हाताऱ्याने वापरलेलं."

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. धूर काळा नव्हता, तेल गळत नव्हतं. आनंदने तीन मुद्द्यांवर खुणा केल्या. चौथा मुद्दा होता: सरळ रस्त्यावर शंभर फूट चालवून बघणे.

"वखारीतच चालवा की," मारुतीशेठ घाईघाईने म्हणाला.

"इथे वीस फूटसुद्धा सरळ जागा नाही," आनंद म्हणाला. तेवढ्यात आत फोन वाजला. मारुतीशेठ फोन घ्यायला गेला आणि कुंडलिकने मशीन फाटकाबाहेर काढलं.

रस्ता हलक्या चढाचा होता. मशीन दहा फूट सरळ गेलं आणि मग डावीकडे झुकायला लागलं. कुंडलिकने उजवा पट्टा थांबवून ते वळवायचा प्रयत्न केला, तर मशीन होतं तिथेच उभं राहिलं. डाव्या पट्ट्यात एकट्याने एवढं वजन चढावर ओढण्याची ताकद नव्हती. दोन्ही पट्टे एकदम चालू केले की ते चालत होतं, पण डावीकडे.

"अरे, उजवीकडे घे!" आनंद शेजारून चालत ओरडला.

"घेतोय रे! त्याला सांग ना!"

मागे दोन टेम्पो आणि एक रिक्षा येऊन थांबल्या. रिक्षावाल्याने हॉर्नवर ठेवलेला अंगठा काढलाच नाही. डाव्या हाताला एका सोसायटीचं फाटक उघडं दिसलं. आत शिरावं, सपाट जागेवर फिरवून बाहेर काढावं, असा हिशेब करून कुंडलिकने मशीन आत घातलं. या वळणाला मात्र मशीनने काहीच कुरकुर केली नाही.

आत पंधरा-वीस माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती. मशीन दिसताच त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आलात एकदाचे!" अध्यक्ष शिवराम पेठे पुढे आले. "सहा महिने आपली वाट पाहतो आहोत. आज तरी याल याची खात्री नव्हती. ही बघा, खडूने रेघ मारून ठेवली आहे."

"काका, आम्ही ते नाय," कुंडलिक म्हणाला. "आम्ही ट्रायलला आलेलो."

"ट्रायल!" पेठ्यांचा आवाज चढला. "अहो, तुंबलेल्या गटाराची कसली ट्रायल? वास येत नाही का आपल्याला?"

वास येत होता. तळमजल्यावरच्या एक आजी पदराने नाक धरून चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. कुंडलिकने आनंदकडे पाहिलं. आनंदने यादीकडे पाहिलं.

"पाचवा मुद्दा खोदकामच आहे," तो म्हणाला.

उतार फाटकाकडे होता, म्हणून कुंडलिकने फाटकापासून सुरुवात केली. बकेट जमिनीत घुसलं आणि त्याचा चेहराच बदलला. मशीन चालायला वाकडं असलं तरी खोदायला देवमाणूस होतं. चर अशी सरळ निघाली, की पेठ्यांनी खडूची रेघ वाकडी असल्याचं मान्य केलं. खोदत खोदत मागे सरत कुंडलिक थेट इमारतीच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. शेवटचं ढेकूळ उचललं तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर आनंद हळूच म्हणाला, "कुंडलिक, फाटक कुठे आहे?"

फाटक चाळीस फुटांवर होतं. मधे चार फूट खोल चर होती. चरीच्या एका बाजूला इमारत, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. आणि मशीन आतल्या टोकाला.

"बुजव परत," आनंद म्हणाला.

"खबरदार!" पेठे म्हणाले. "पाइप घातल्याशिवाय एक घमेलंसुद्धा माती पडणार नाही. पाइप गुरुवारी यायचे आहेत."

तेवढ्यात एका टेम्पोवाल्याने आठवण करून दिली, की त्याचाही टेम्पो आता आतच आहे. कुंडलिकमागोमाग तोही टेम्पो वळवायला शिरला होता. पेठ्यांची स्कूटर आणि सेक्रेटरींची फियाटही आतच होती, पण त्यांना ते सोमवारी सकाळी कामावर जाताना कळलं.

डांबरावरच्या पट्ट्यांच्या खुणा बघत मारुतीशेठ धापा टाकत आला आणि चरीच्या फाटकाकडच्या टोकाला उभा राहिला.

"माझं मशीन!"

"ट्रायल चालू आहे," आनंदने यादी दाखवली. "सहा मुद्दे बाकी आहेत."

"एवढं खोदलंत, आता घ्यावंच लागेल!"

"सरळ चालत नाही ते, शेठ. मग भाव कमी करा."

"एक पैसा कमी होणार नाही!"

मारुतीशेठ चरीच्या एका टोकाला आणि हे दोघे दुसऱ्या टोकाला होते, त्यामुळे बोलणी ओरडून करावी लागली आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू गेली. सौदा मात्र झाला नाही.

चार दिवस मशीन तिथेच राहिलं. रिकामं बसवेना म्हणून कुंडलिकने सोसायटीचे दोन चेंबर खोदले आणि पावसाच्या पाण्याचा खड्डा काढला. त्या चार दिवसांत मशीनची खोड त्याच्या हाताला समजली. बकेट जमिनीला टेकवून अंग उचललं, की ते कुठेही वळत होतं. मंगळवारी सगुणा डबा घेऊन आली. टेम्पोवाल्यालाही तिने बोंबलाचं कालवण वाढलं.

"म्हंजे ह्या आपला झाला?" तिने मशीनकडे बघत विचारलं.

"नाय अजून."

"मग त्याला डिझेल कोन पाजतंय?"

कुंडलिक जेवत राहिला.

गुरुवारी पाइप आले, पडले, चर बुजली. टेम्पो हात जोडून निघून गेला. आणि मारुतीशेठ बदलापूरच्या परशुराम पाटील नावाच्या वीटभट्टीवाल्याला घेऊन हजर झाला. मशीनच्या कामाची चर्चा गावभर झाली होती. पाटलाने भाव वाढवून दिला होता.

वर्तकनगरच्या कामासाठी मशीन मिळवायला कुंडलिकला सहाच दिवस राहिले होते. होडी गेली, आता हेही गेलं. त्याने चावी काढून दिली.

"मशीन कसं काय?" पाटलाने त्यालाच विचारलं.

"खोदायला एक नंबर," कुंडलिक म्हणाला. ते खरंच होतं.

पाटील ऐटीत वर चढला. मशीन तीन फूट सरळ गेलं, मग डावीकडे, नव्याने बुजवलेल्या मऊ मातीत. डावा पट्टा रुतला, मशीन कलंडलं, आणि पाटलाचा पांढरा बूट चिखलात राहिला.

"पाइप! आमचे नवे पाइप!" पेठे किंचाळले. "पोलिसांना बोलवा कुणीतरी!"

पाटलाने बूट उपटून काढला, झटकला आणि तो हातात धरूनच फाटकाबाहेर पडला. मारुतीशेठने त्याला तीनदा हाक मारली. मग त्याने पेठ्यांकडे पाहिलं, रुतलेल्या मशीनकडे पाहिलं आणि शेवटी कुंडलिककडे.

"भोईरशेठ," तो म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याने 'शेठ' लावलं होतं. "तुम्हीच बोला."

कुंडलिक जो भाव बोलला तो ऐकून आनंदलाही खोकला आला. मारुतीशेठने तोंड फिरवून हो म्हटलं. मग कुंडलिक वर चढला, बकेट कडक जमिनीवर टेकवलं, मशीनला लेकरासारखं अलगद उचललं आणि पाइपाला धक्का न लावता फाटकाबाहेर घेऊन आला.

ट्रकमधून परतताना आनंदने यादीची घडी करून खिशात घातली. मग तो न राहवून म्हणाला, "अरे, त्या पाटलाला सांगितलं का नाहीस, डावीकडे ओढतं म्हणून?"

कुंडलिकने मागे बांधलेल्या मशीनवरून एकदा नजर फिरवली.

"मना कोनी सांगितलेला?" तो म्हणाला.