वाचनालयातून आणलेला यशोधन

मिरजेतल्या किल्ला भागातल्या वाचनालयाने जुन्या कादंबऱ्यांतले नायक सभासदांना घरी न्यायला द्यायचं ठरवलं, तेव्हा कुंदा ताम्हनकरने यशोधनला आणलं.

वाचनालयाचा यामागचा विचार साधा होता. जुन्या कादंबऱ्या कुणी नेत नव्हतं. पुस्तकं जाड, अक्षर बारीक, आणि लोकांना वेळ नाही. नायक तेवढा हवा असायचा. मग कार्यकारिणीने ठराव केला आणि नायक वेगळे द्यायला सुरुवात झाली. तलवारवाले पहिल्याच आठवड्यात संपले. त्यांच्यामागून विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गेले. यशोधनला कुणी हात लावला नव्हता. तो दुःखी होता, आणि दुःखी माणूस घरात कोण आणून ठेवतो?

कुंदाला मात्र तोच हवा होता, अगदी कॉलेजात असल्यापासून. त्याच्या कादंबरीत यशोधनचं रेवतीवर प्रेम असतं. रेवतीच्या मामाची संमती मिळावी म्हणून तो शिकायला काशीला जातो. ती रोज संध्याकाळी घाटावर त्याच्या नावेची वाट बघते. परत यायला त्याला एक दिवस उशीर होतो. त्या दिवशी नदीला पूर असतो, नाव दिसते का हे बघायला रेवती दोन पायऱ्या जास्त उतरते आणि वाहून जाते. त्यानंतर यशोधन लग्न करत नाही. उरलेला जन्म त्या घाटावर बसून काढतो. हे वाचून सतरा वर्षांची कुंदा उशीत तोंड खुपसून रडली होती, आणि पुढे बघायला आलेल्या प्रत्येक स्थळाकडे ती पोह्यांची बशी देताना एकाच नजरेने बघायची: हा बसेल का घाटावर? कुणीच बसणारा वाटला नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनीही तिला नकारच कळवला होता, त्यामुळे प्रश्न तसा मिटलेलाच होता.

आता तिची पन्नाशी उलटून गेली होती. ती एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायची. सांगलीला, जतला, पंढरपूरला जाणारं सगळं गाव तिच्या आवाजावर उठायचं आणि धावायचं. पण ती भाजी घ्यायला मंडईत गेली तर तिला कुणी ओळखत नसे. आई-वडील गेले होते. भाऊ बडोद्याला होता, दिवाळीत फोन करायचा आणि तब्येतीला जप म्हणायचा.

"नीट सांभाळा, बाई," ग्रंथपाल रणदिवे म्हणाले. ते सगळ्या सभासदांना हेच सांगायचे. "पावसात भिजवू नका. दुसऱ्याला देऊ नका. आणि त्याच्यावर काही लिहू नका."

"मी कशाला लिहीन?"

"लिहितात लोक. मागं एकानं बॅरिस्टराच्या मनगटावर फोन नंबर लिहून आणला होता."

यशोधन खुर्चीतून उठला. लेखकाने वर्णन केलं होतं तसाच होता, भव्य कपाळ, मेघासारखा गंभीर आवाज, खोल डोळे. वर्णन जिथं नव्हतं तिथं तो जरा अंधुक होता. त्याच्या कानांबद्दल लेखकाने काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून कानांवर शाल असायची. जेवणाचाही उल्लेख नव्हता, त्यामुळे तो जेवत नसे. चहा एका प्रकरणात होता, म्हणून चहा तो घ्यायचा.

रिक्षात बसल्यावर तोच आधी म्हणाला, "आपले फार उपकार झाले, कुंदाताई."

ताई हा शब्द कुंदाने ऐकला आणि ती रस्त्याकडे बघत राहिली. रिक्षावाल्याने डावीकडे वळू का विचारलं, तर हो म्हणाली. खरं तर घर उजवीकडे होतं.

घरी त्याने खिडकीजवळची खुर्ची घेतली. संध्याकाळी ती कामावरून आली की तो उठून उभा राहायचा. तिच्यासाठी आजवर कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. मग ती चहा टाकायची आणि तो रेवतीबद्दल बोलायचा. रेवतीच्या केसात बकुळीचा गजरा कसा असायचा. रेवती रागावली की कशी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. कुंदाला ते सगळं पाठ होतं, तरी ती ऐकायची. कधी तो मधेच थांबून विचारायचा, "आपण दमलात का?" पुस्तकात हा प्रश्न तो रेवतीला विचारतो. पण ते विचारताना त्याच्या समोर कुंदा असायची, आणि ती खरंच दमलेली असायची.

एकदा तिने धीर करून विचारलं, "यशोधनराव, समजा रेवती भेटलीच नसती तर? दुसरी कुणी..."

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. कपाळावर आठी पडली. "मग मी दुसराच कुणी असतो, कुंदाताई. आणि तो आपल्याला आवडला नसता."

हे खरंच होतं. कुंदाने कप उचलले आणि विसळायला नेले.

थोड्या दिवसांनी रणदिव्यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर यशोधनची तपकिरी पुठ्ठ्याची कादंबरी होती.

"तक्रार आलीये, बाई," ते म्हणाले. "एका सभासदाने कादंबरी नेली. नायक तुमच्याकडे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणतात, पूर्वी शेवटी रडू यायचं, आता येत नाही."

"का?"

"वाचून बघा की."

कुंदाने पुस्तक घरी आणलं. तो खिडकीशी होता, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून वाचू लागली. कादंबरीत यशोधन कुठेच नव्हता. त्याचा उल्लेख होता तिथे कोऱ्या जागा नव्हत्या, वाक्यं आपसूक जुळून आली होती. काशीला कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळे रेवती घाटावर जात नव्हती. पूर आला त्या दिवशी ती घरात धान्याची पोती माळ्यावर चढवत होती. पुढे मामा आजारी पडला आणि तेलाचा घाणा तिने चालवायला घेतला. बैलाशी आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली. गुडघे दुखू लागले. दात पडले. शेवटच्या पानावर म्हातारी रेवती अंगणात मिरच्या वाळत घालत होती आणि कावळ्याला हाकलत होती.

कुंदा उंबऱ्यातून उठली. मग तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं. न देऊन चाललं असतं. त्याने मागितलं नव्हतं. पण त्याच्यापासून काही लपवायचं तर त्याला आणायचं तरी कशाला, असं तिला वाटलं.

त्याने सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर शेवटचं पान पुन्हा उघडलं.

"तिचे दात पडले," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. हसू कादंबरीत नव्हतं, त्यामुळे ते त्याला नीट जमत नव्हतं. "कुंदाताई, ती म्हातारी झाली."

"हो."

"तिनं माझी आठवण काढलेली नाही."

"तुम्ही पुस्तकात नाही ना. मग कुठून काढणार?"

"बरोबर आहे." त्याने पुस्तक मिटलं. "मी परत गेलो तर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. तो परत गेला की काशीला जाणार, त्याला एक दिवस उशीर होणार, आणि ती दोन पायऱ्या जास्त उतरणार.

"मग मला परत जाता येणार नाही," यशोधन म्हणाला. "मला इथेच राहू द्याल का? तिच्यासाठी?"

ज्या माणसाची तिने सगळा जन्म वाट बघितली तो तिच्या घरात कायमचं राहायची परवानगी मागत होता. कुंदा म्हणाली, "राहा." मग तिने देवापुढे दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी दोघं वाचनालयात गेले. यशोधन बाहेर चपलांच्या मांडणीपाशी थांबला. कुंदाने कादंबरी टेबलावर ठेवली.

"आणि नायक?" रणदिव्यांनी विचारलं.

"मुदत वाढवून मिळेल?"

"तक्रार आल्यावर नाही मिळत. कादंबरी पूर्ण ठेवावी लागते, बाई. लोकांना रडायचं असतं."

"एखादा हरवला तर?"

रणदिव्यांनी चष्मा काढला. "हरवला तर वाचनालय काही करू शकत नाही. हरवलेल्याला कुठून आणणार? पण ज्यांच्याकडून हरवला त्यांचं सभासदत्व जातं. कायमचं. मग इथलं एक पुस्तक मिळत नाही, बसून वाचताही येत नाही. तुम्ही तर फ्रॉकमध्ये होता तेव्हापासून येताय."

कुंदाने कपाटांकडे पाहिलं. बालविभागाची बुटकी कपाटं, प्रवासवर्णनं, खिडकीखालचं बाक. आई गेली त्या महिन्यात ती रोज त्या बाकावर येऊन बसायची. घरात शांतता असायची आणि इथंही असायची, पण इथली बरी वाटायची.

"हरवला," ती म्हणाली.

"कुठे?"

"स्टँडवर. गर्दीत."

रणदिव्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. यशोधन मांडणीतल्या चपला जोडीने लावून ठेवत होता. शाल खांद्यावरून घसरली होती.

"वाईट झालं," रणदिवे म्हणाले. मग चष्मा घालून त्यांनी कुंदाच्या नावावर सरळ रेघ मारली. "सांभाळून जा, बाई. आभाळ भरून आलंय. काही भिजायला नको."

तेव्हापासून यशोधन कुंदाकडेच आहे. शेजारच्या माळीकाकूंनी सुरुवातीला चौकशी केली, पाहुणे कधी जाणार म्हणून. आता त्याही दळण आणताना त्याच्याकडे घराची किल्ली ठेवून जातात.

अडचण एकच झाली. यशोधनला रोज रेवतीची खुशाली हवी असायची, आणि पुस्तक तर हातातून गेलं होतं. कुंदाला जेवढं आठवत होतं तेवढं तिने सांगितलं. घाणा सांगितला, बैल सांगितला, मामाचं आजारपण सांगितलं. ते संपलं. त्या संध्याकाळी ती गवार मोडत बसली होती, आणि तो समोर येऊन बसला.

"आज रेवतीनं काय केलं, कुंदाताई?"

कुंदाने जरा विचार केला.

"आज तिच्या चपलेचा अंगठा तुटला," ती म्हणाली. "भर उन्हात. तशीच पाय ओढत चांभारापर्यंत गेली. तो म्हणाला, टाकून द्या आता, नवी घ्या. ती म्हणाली, शिवून द्या."

यशोधन पुढे झुकला. लेखकाने त्याच्या डोळ्यांवर पाऊण पान खर्च केलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं आता कुंदाकडे बघत होतं.

"मग?"

"मग घरी आली. पाय धुतले. गवार आणली होती."

"तिला गवार आवडते? मला ठाऊक नव्हतं."

"फारशी नाही. पण स्वस्त होती. आणि घसा दुखतोय तिचा. दिवसभर ओरडावं लागतं."

"बैलावर?"

"हो."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"कुंदाताई," त्याने विचारलं, "तिला एकटं वाटतं का हो?"

कुंदाच्या हातातली शेंग मोडायची राहिली. "कधी कधी," ती म्हणाली.

"मी इथे तिचाच विचार करत बसलोय, हे तिला कुणी सांगितलं तर?"

"तिला माहीत आहे."

"नक्की?"

"नक्की," कुंदा म्हणाली, आणि तिने पुढची शेंग घेतली.