मिस्त्रींची मान

मालकांच्या केबिनमध्ये मिस्त्रींची मान खाली गेली, ती होकार म्हणून गेलेली नव्हती. पण एवढं बारीक पाहायला मालकांना त्या दिवशी सवड नव्हती. बसच्या सांगाड्यांची मागणी वर्षभरात तिप्पट झाली होती आणि वेल्डिंग करणारं नवं यंत्र शेडच्या दारात येऊन उभं होतं.

मालकांनी यंत्राने जोडलेला एक नमुना टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हे इतकं सफाईदार होत असेल तर आपल्याला चार वेल्डर हवेत कशाला? यंत्र आणि तुम्ही, बास. पटतंय ना?"

मिस्त्रींचं लक्ष प्रश्नाकडे नव्हतंच, ते जोडाकडे पाहत होते. तीस वर्षं, दोन्ही हात कामात गुंतलेले असताना, त्यांनी कपाळावर चढवलेलं काळ्या काचेचं हेल्मेट मानेच्या एका झटक्याने डोळ्यांवर पाडलं होतं. त्यामुळे काहीही निरखायचं झालं की हेल्मेट असो-नसो, मान आपली खाली जायची. याच मानेपायी एक चुलतभाऊ आठ दिवसांसाठी येऊन दोन महिने घरी राहून गेला होता.

"झालं तर मग," मालक म्हणाले.

दुपारपर्यंत बातमी शेडभर झाली. शेजारच्या टेबलावरचा वेल्डर, ज्याला सगळे ठेंगू म्हणत आणि ज्याच्याबरोबर मिस्त्रींनी वीस वर्षं डबा वाटून खाल्ला, तो आपला डबा उचलून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. जाताना एवढंच म्हणाला, "निदान आम्हाला तोंडाने तरी सांगायचं होतं, मिस्त्री." मिस्त्रींनी उघडलेला डबा तसाच बंद केला.

ते तडक मालकांकडे गेले. आपण हो म्हणालोच नाही, आपली मान आपोआप पडते, असं त्यांनी सांगितलं. गोष्ट खरी होती, पण ऐकायला अगदी बनावट वाटत होती. शब्द फिरवणाऱ्या माणसांची मालकांना चीड होती, आजारी माणसांची मात्र दया यायची. त्यांनी मिस्त्रींना डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून, इथेच दुखतं ना, असं विचारलं. मिस्त्रींनी तो काळजीपूर्वक निरखला. व्हायचं तेच झालं आणि ते गळ्याला पट्टा बांधून बाहेर पडले.

बायकोने पट्टा पाहिला, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि गंभीरपणे सुचवलं, "तुम्ही लोकांशी डोळे मिटून का बोलत नाही?"

पट्ट्यामुळे हेल्मेट पाडता येईना. मग मिस्त्री दिवसभर यंत्राशेजारी स्टुलावर ताठ बसून राहू लागले. शेडने त्याचाही अर्थ लावला: साहेब झाले. ठेंगू तर त्यांच्याकडे बघेनासा झाला.

सोमवारी बस कंपनीचा तपासनीस आला. यंत्राने जोडलेला पहिला सांगाडा मालकांनी स्वतः पुसून ठेवला होता. मोजकं बोलणारा तो माणूस एका कोपऱ्याशी वाकला, जोडावर उजेड पाडला, आणि त्याची मान झटक्यात खाली गेली.

"चला, पास," म्हणत मालकांनी हात पुढे केला.

मिस्त्रींना मात्र तो झटका सख्ख्या भावासारखा ओळखीचा वाटला. "साहेब, वेल्डिंग किती वर्षं केलंत?"

"अठरा," तपासनीस म्हणाला. मग मालकांकडे वळला. "आणि पास कोण म्हणालं? मी अजून बघतोय. सरळ जोड उत्तम आहेत. कोपरे कच्चे राहिलेत, तिथे हातच लागणार. एवढ्या गाड्या करायच्या तर चार माणसंही पुरायची नाहीत तुम्हाला."

मालकांचा हात तसाच राहिला. त्यांनी तपासनिसाच्या मानेकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या पट्ट्याकडे. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

"जोड बघत होतो," मिस्त्री म्हणाले. "माणसं काढायला मी हो म्हणालो नव्हतो."

हे सगळ्या शेडने ऐकलं. कोणालाही काढणार नाही, असं मालकांनी सर्वांसमोर सांगून टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत ठेंगू डबा घेऊन परत आला. त्याने मिस्त्रींच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि शेजारी बसला. मिस्त्रींचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्यांनी ठेंगूच्या डब्यात काय आहे ते निरखायला घेतलं.

"इतके दिवस बोललो नाही मी," ठेंगू म्हणाला. "माझ्यावर राग आहे तुमचा?"

मिस्त्रींची मान झटक्यात खाली गेली.

ठेंगूने क्षणभर त्या मानेकडे पाहिलं. मग पट्टा उचलला, पुन्हा त्यांच्या गळ्याला नीट बांधला आणि म्हणाला, "आता तोंडाने सांगा."